फिरत्या बिऱ्हाडाला तांब्याचे कवच

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे कोणी कौतुकाने उच्चारीत नाही. ज्याला घर ना दार, आज या गावी तर उद्या त्या गावी, अशा मनुष्याची कीव किंवा थट्टा करावयाची असली म्हणजेच ती तोंडी येते. अमेरिकेतील लोकांनी मात्र हे पाठीवरचे बिऱ्हाड हौसेचा व अभिमानाचा विषय करून ठेविले आहे. मोटारीच्या मागे जोडून न्यावयाची, निजण्याबसण्याची सोय असलेली जी चाकांवरची लहानशी खोली, तिला तिकडे कॅम्पर ट्रेलर म्हणतात. ती विकतही मिळते. परंतु फावल्या वेळी स्वतःच्या हातांनी ती बांधणारे गृहस्थ तेथे थोडेथोडके नाहीत. त्यांतील सर्वांत आटोपशीर प्रकार अश्रुबिंदूच्या आकाराचा असतो. पुढे गोलाई, मागे निमुळता उतार. रुंदी सुमारे ४ फूट, लांबी ८ फूट आणि उंची पुन्हा ४ फूटच. आत दोन मोठी माणसे व एखादे मूल यांपुरते अंथरूण, आणि मागचे झाकण उचलले की त्याखाली स्वयंपाकाचा ओटा. उचललेले झाकण हेच त्या स्वयंपाकघराचे छप्पर!

या सदराच्या एका जुन्या वाचक भगिनींनी नाशिकहून आम्हांस पत्र लिहिले आहे. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेत ऑरेगन राज्यात सहकुटुंब राहतात. त्यांनी असा एक ट्रेलर बांधावयास घेतला असून लाकडी सांगाडा उभा झाला आहे. एका जुन्या इमारतीच्या छपरावरून उतरविलेले तांब्याचे पत्रे त्यांस स्वस्तात मिळाले आहेत. शिवाय छापखान्यात वापरून झालेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे, आणि एका पाडलेल्या कोठाराचे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पत्रे, असाही संग्रह जमला आहे. माथ्यावर लखलखीत तांबे, बाजूंस ॲल्युमिनियम, खालच्या कडेला जुने लोखंड, असे मिश्र आवरण करावयाचा त्यांचा बेत आहे. मातोश्रींचा प्रश्न असा की, भंगारातून केलेले हे काम टिकेल काय, आणि ज्यात आमची नातवंडे निजणार ते निर्धोक होईल काय?

प्रश्न एका घरचा असला तरी उत्तर पुष्कळांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून ते येथे देत आहो. आमचे मत आरंभीच सांगतो. जुना धातू वाईट नाही, आणि तांबेही वाईट नाही. परंतु या बेतातील क्रम मात्र नेमका उलटा आहे. जे माथ्यावर योजिले आहे ते खाली यावे, आणि जे खाली योजिले आहे त्यातील काही मुळीच नसावे. असे का, हे समजण्यास धातूंच्या स्वभावाचा थोडा विचार केला पाहिजे.

तत्पूर्वी एक गैरसमज दूर करावा. भंगारातून असे वाहन करणे ही कोणा एकाची लहर नव्हे. त्या देशात ही जुनी परंपरा आहे. वॉली बायम नावाच्या गृहस्थांनी १९३० च्या सुमारास घरच्या घरी ट्रेलर कसा बांधावा याचे आराखडे लोकांस विकले, आणि पुढे त्यातूनच एअरस्ट्रीम हा कारखाना उभा राहिला. विमानांच्या कामात मुरलेले हॉली बोलस यांनी १९३४ साली ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रे रिव्हेटांनी जोडून ‘रोड चीफ’ हा ट्रेलर केला. त्याच घडणीवरून बायम यांचा १९३६ सालचा ‘क्लिपर’ निघाला. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराकडील निरुपयोगी सामान स्वस्त झाले, तेव्हा जीपगाडीची चाके आणि विमानांचे पत्रे वापरून अनेकांनी आपले ट्रेलर सजविले असे सांगतात. १९४७ च्या सुमारास तेथील यंत्रकलेच्या मासिकांतून अश्रुबिंदू ट्रेलरचे आराखडे छापून येऊ लागले होते. तेव्हा चिरंजीव चाललेल्या वाटेवर बरेच लोक चालून गेले आहेत. त्यांतील शहाण्यांनी काय संभाळले एवढेच आपणांस पाहावयाचे आहे.

आता धातूंकडे वळू. तांब्याला अमरकोशात ‘शुल्ब’, ‘उदुंबर’ अशी नावे दिली आहेत, आणि ‘ताम्र’ या शब्दातच त्याचा तांबूस वर्ण सांगितलेला आहे. वर्णाने लाल असला तरी स्वभावाने हा धातू शांत. नुसत्या पाण्याशी तो फारसा झगडत नाही. त्याच्या अंगावर जो तपकिरी व पुढे हिरवा थर चढतो तोच त्याचे रक्षण करतो. म्हणूनच तांब्याची छपरे पिढ्यान् पिढ्या टिकतात. ॲल्युमिनियम हलके, हवा लागताच त्यावर न दिसणारे पातळ पटल येते व त्याच्या आश्रयाने ते राहते. जस्त तर परोपकारी. लोखंडावर त्याचा मुलामा दिला म्हणजे ते स्वतः झिजते आणि लोखंडास राखते. असे हे तिघेही आपापल्या घरी सज्जन आहेत. तंटा उद्भवतो तो ते एका छपराखाली नांदावयास आले म्हणजे.

दोन विजातीय धातू एकमेकांस टेकलेले असावेत आणि दोहोंस एकच ओलावा लागावा, की तेथे विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू झालाच म्हणून समजावे. व्होल्टाने १८०० साली जी विद्युत्घटमाला केली तिचे तत्त्व हेच, आणि हातातल्या बॅटरीतील जस्ताचे भांडे झिजून वीज मिळते तेही याच न्यायाने. या व्यवहारात जो धातू अधिक क्रियाशील तो झिजतो, आणि दुसरा मात्र सुरक्षित राहतो. जस्त व ॲल्युमिनियम हे या झिजणाऱ्यांच्या पंक्तीत अग्रभागी, मग लोखंड, तांबे पार दुसऱ्या टोकाला. अर्थात तांब्याच्या शेजारी जो बसेल तो बहुधा तांब्यापायी झिजेल.

ही गोष्ट मनुष्याला महाग शिक्षण घेऊन कळली. समुद्रातील किडे जहाजांचे लाकूड पोखरीत, म्हणून इंग्रजांच्या आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळास तांब्याचे पत्रे मारून पाहिले. दोन वर्षांनी नौका तपासली तेव्हा पत्रे शाबूत, लाकूडही शाबूत. पण पत्रे धरून ठेवणारे पुष्कळ लोखंडी खिळे खाऊन गेलेले. आश्चर्य असे की, पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद जेथे खिळा व पत्रा यांच्यामध्ये अडकून राहिला होता, तेथील खिळे चांगले होते. एक कागदाचा कपटा जे करू शकला ते लोखंडाच्या जाडीला साधले नाही. वाचकांनी हा कागद लक्षात ठेवावा. पुढे त्याचेच काम आहे.

न्यूयॉर्क बंदरातील स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचे उदाहरण तर अमेरिकेतील प्रत्येक हौशी कारागिराने डोळ्यांपुढे ठेवण्याजोगे आहे. १८८६ साली उभारलेल्या या पुतळ्याची कातडी तांब्याची असून तिची जाडी अवघी २.४ मिलिमीटर आहे. आतून तिला आधार लोखंडी पट्ट्यांचा. तांबे व लोखंड एकमेकांस भिडू नयेत म्हणून बांधणाऱ्यांनी मध्ये लाखेत भिजविलेल्या ॲस्बेस्टॉसचा थर घातला होता. म्हणजे धोका त्यांस ठाऊक होता. परंतु शंभर वर्षांत तो थर कुजून गेला, ओल आत शिरली, लोखंड गंजून फुगले आणि पट्ट्या धरणारे रिव्हेट उखडून निघाले. १९८४ ते १९८६ या काळात त्या पट्ट्या काढून गंजरोधक पोलादाच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या, आणि त्यांच्या व तांब्याच्या मध्ये टेफ्लॉनचा थर दिला. शंभर वर्षे वारा-पाऊस सोसूनही तांब्याची कातडी मात्र बव्हंशी जशीच्या तशी होती. बाहेरून पाहणाऱ्यास काहीच बिघडलेले दिसत नव्हते. बिघाड सारा आत, सांध्यात होता.

याहून एक पुढची गोष्ट आहे व तीच या बेतात नजरेआड झाली आहे. तांब्याने शेजाऱ्यास स्पर्श केलाच पाहिजे असे नाही. नुसते तांब्यावरून ओघळलेले पाणीदेखील अपाय करते. पत्र लिहिणाऱ्या भगिनी नाशिकच्या आहेत, तेव्हा द्राक्षबागेतील दाखला त्यांस लगेच पटेल. बोर्डो मिश्रण करणारा माळी मोरचुदाचे पाणी लोखंडी किंवा जस्ताच्या बादलीत कालवीत नाही. मिश्रणात चुना पुरेसा पडला की नाही हे पाहण्यासाठी तो लोखंडी पाते त्यात बुडवितो; पात्यावर तांबूस पूट चढले म्हणजे चुना कमी आहे असे समजतो. पाण्यात विरघळलेले तांबे लोखंडावर बसते आणि त्या बदल्यात लोखंड विरघळते, असा हा विनिमय आहे. स्वयंपाकघरातही कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, म्हणजे आंबट रसात तांब्याचा अंश उतरतो, हे कोणत्या गृहिणीस शिकवावयास नको. पावसाचे पाणीही किंचित आम्लच असते. तांब्याच्या छपरावरून वाहताना ते तांब्याचा सूक्ष्म अंश बरोबर घेते, आणि तेच पाणी खालच्या ॲल्युमिनियमवर किंवा जस्ताच्या मुलाम्यावर पडले म्हणजे तेथे बारीक खळगे पडू लागतात. अंश कितीही अल्प असो, ऑरेगनच्या पश्चिम भागासारख्या बहुपर्जन्य प्रदेशात ओघळ महिनोन् महिने चालू राहतो. उलट, ॲल्युमिनियमवरून खाली तांब्यावर आलेले पाणी तांब्याचे काही वाकडे करीत नाही. म्हणून छपराचे काम करणाऱ्यांचा नियम असा की, तांबे नेहमी उताराच्या खालच्या अंगाला असावे, वरच्या अंगाला असू नये.

पाण्याने जे सांगितले तेच वजनही सांगते, हा या विषयातला मोठा सुयोग आहे. अश्रुबिंदू ट्रेलरचे झाकावयाचे अंग एकंदर सुमारे १०० चौरस फूट भरते. अमेरिकेत तांब्याचा पत्रा दर चौरस फुटास किती औंस या मापाने विकतात. नेहमीचा १६ औंसांचा पत्रा, म्हणजे सुमारे ०.५५ मिलिमीटर जाडीचा, सबंध ट्रेलरला लावावयाचा तर ४५ किलो भार होतो. ०.८ मिलिमीटर जाडीचे ॲल्युमिनियम तेवढ्याच जागेस लावले तर भार २० किलोच्या आसपास राहतो. हे २५ किलोंचे अंतर जमिनीलगत पडले तर विशेष नाही. पण माथ्यावर व मागच्या झाकणावर पडले तर वळणावर ट्रेलर डोलू लागतो. आपल्याकडे बैलगाडी मागे जड झाली म्हणजे उलाळ होते, जू वर उचलले जाते व बैलांच्या गळ्यास फास बसतो. मोटारीमागील ट्रेलरची गत याहून भयंकर होते. तो वेगात शेपटीसारखा दोहोंकडे फेकू लागतो व मोटारीलाही ओढून नेतो. म्हणून एकंदर भाराच्या सुमारे १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडदांड्यावर यावा असा तेथील दंडक आहे. या ट्रेलरचा ओटा व भांडीकुंडी मागे असतात. त्यांत तांब्याच्या झाकणाची भर घालणे म्हणजे उलाळ गाडीत आणखी मागेच पोते टाकण्यासारखे होय. नातवंडांच्या जिवाचा प्रश्न मातोश्रींनी विचारला आहे. त्याचे खरे उत्तर या परिच्छेदात आहे. आवरण पुरे झाल्यावर, सर्व सामान भरून, दांड्यावरील भार काट्यावर तोलून पाहिल्यावाचून रस्त्याला लागू नये.

तेव्हा माथा, पुढची गोलाई व मागचे झाकण ॲल्युमिनियमचे करावे. छापखान्याचे जुने पत्रे गुळगुळीत व स्वस्त खरे, परंतु फार पातळ असतात. ते आतल्या भिंतींस किंवा ओट्यास लावावेत, माथ्यास जाड पत्राच घ्यावा. बाजूंच्या खालच्या अंगास साधारण फूटभर उंचीचा पट्टा तांब्याचा द्यावा. पाणी त्याच्यावर येईल, त्याच्यावरून दुसऱ्या धातूवर जाणार नाही. भार जमिनीजवळ राहील. आणि २० चौरस फुटांच्या आत काम भागल्याने तांब्याचा भार ९ किलोंवर जाणार नाही. पट्ट्याची खालची कड बाहेर वळवून तिला पागोळीसारखा ओठ काढावा, म्हणजे थेंब लोखंडी सांगाड्यावर न ठिबकता रस्त्यावर पडतील. चाकांवरील पंखे ॲल्युमिनियमचे किंवा मुलाम्याचे असतील तर त्यांच्या वर तांबे आणू नये. कोठाराचे जुने लोखंडी पत्रे या कामातून वगळावे. त्यांवर हक्काने ओघळ येणार आणि मुलामा आधीच अर्धा संपलेला.

आता सांध्याविषयी. संस्कृत शिकविताना आम्ही मुलांस सांगत असू की, दोन स्वर शेजारी आले म्हणजे संधी होतोच असे नाही. ‘हरी एतौ’ यात द्विवचनाचा ईकार प्रगृह्य आहे. तो शेजारी उभा राहतो, पण मिसळत नाही. तांबे व ॲल्युमिनियम यांचा संबंध असाच प्रगृह्य असावा. दोहोंच्या मध्ये लाकडाची रंगविलेली पट्टी किंवा रबराची फीत द्यावी. दोन्ही पत्रे त्या पट्टीपाशी थांबावेत, एकमेकांवर चढू नयेत. जहाजावरील तपकिरी कागदाचेच हे काम. तांब्यास खिळे व स्क्रू तांब्याचे, काशाचे किंवा गंजरोधक पोलादाचे लावावे. ॲल्युमिनियमचा रिव्हेट तांब्याच्या पत्र्यात कदापि मारू नये. तांब्याचे अंग विस्तीर्ण आणि रिव्हेट बोटाच्या पेराएवढा. साऱ्या पत्र्याचा भुर्दंड त्या चिमुकल्यावर पडतो व तो लवकर नाहीसा होतो. लहान जिन्नस नेहमी टिकाऊ धातूचा असावा, मोठा पत्रा थोडा झिजला तरी चालतो, हे सूत्र पाठ करून ठेवावे.

एक तांबे असेही आहे की जे डोळ्यांस दिसत नाही. कीड व बुरशी लागू नये म्हणून मसाला चढविलेले लाकूड अमेरिकेत सर्रास मिळते. पूर्वी त्या मसाल्यात आर्सेनिक असे. २००३ च्या अखेरीस घरगुती कामासाठी ते बंद झाले, आणि नव्या मसाल्यांत तांब्याचे प्रमाण वाढले. अशा लाकडावर ॲल्युमिनियमचा पत्रा उघडा टेकविला किंवा साधा मुलाम्याचा स्क्रू मारला तर ओलाव्यात दोघेही खाऊन जातात. म्हणून सांगाड्याचे लाकूड कोणत्या जातीचे आहे हे चिरंजिवांनी आधी विचारून घ्यावे, आणि ते मसाल्याचे असेल तर मध्ये डांबरी कागद किंवा चिकट रबरी पट्टी दिल्यावाचून पत्रा चढवू नये.

घराचे छप्पर जागच्या जागी उभे असते. हे घर धावते, हादरते, उन्हात तापते व रात्री निवते. ८ फूट लांबीचा तांब्याचा पत्रा ६० अंश सेल्सिअसने तापला तर सुमारे अडीच मिलिमीटर वाढतो, ॲल्युमिनियमचा साडेतीन मिलिमीटरच्या घरात जातो; खालचे लाकूड उष्णतेने जवळजवळ वाढत नाही. म्हणून पत्रा चारी कडांनी आवळून टाकू नये. एका बाजूस पक्का करावा व बाकीकडे स्क्रूची भोके किंचित लांबट ठेवून त्यास हालचालीला वाव द्यावा, म्हणजे तो फुगणार नाही. माथ्याच्या पत्र्यांची जोडणी कौलांप्रमाणे एकावर एक असावी. मात्र कौलाला केवळ उताराचा विचार असतो, येथे वाऱ्याचाही हवा. पुढचा पत्रा मागच्यावर चढलेला असावा, म्हणजे धावताना समोरून येणारा पाऊस सांध्यात घुसणार नाही. प्रत्येक सांध्याखाली ब्युटिल रबराची चिकट पट्टी द्यावी. घरी बांधलेल्या ट्रेलरचा घात पत्रा झिजल्याने क्वचितच होतो. सांध्यातून थेंब थेंब आत गेलेले पाणी प्लायवुड कुजविते, तोच त्याचा घात.

जुने तांबे वाकविण्याची रीत आपल्या तांबटांस पुरातन काळापासून अवगत आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत हातोडीचे टवके ओळीने उठवून भांडी घडवितात, त्यास मठारकाम म्हणतात. ती केवळ शोभा नव्हे. ठोके खाऊन तांबे कठीण होते, आणि टवक्यांमुळे पातळ पत्र्यासही ताठपणा येतो. फार कठीण होऊन चिरण्याची भीती वाटली म्हणजे त्याला मंद लाल होईतो तापवून निववितात. तांबे पुन्हा मऊ होते. छपरावर दीर्घकाळ राहिलेला पत्रा वाकविताना हेच करावे लागेल. चिरंजिवांनी आपला खालचा पट्टा मठारून घेतला तर आणखी एक लाभ आहे. रस्त्यावरील खडे उडून खालच्या अंगासच लागतात. सपाट पत्र्यावर प्रत्येक खड्याची खूण दिसेल, मठारलेल्या पत्र्यावर ती हजारांत एक होऊन मिसळून जाईल.

मात्र तापविण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्या. जुन्या छपराच्या तांब्यावर कधी कधी शिशाचा करडा लेप असतो, सांध्यांत शिसेयुक्त डाख असतो, आणि जुन्या रंगांतही शिसे असते; अमेरिकेत घरगुती रंगांतून ते १९७८ साली बंद झाले. असला पत्रा विस्तवावर धरू नये, कोरडा घासू नये, आणि ज्या घरात लहान मुले आहेत तेथे त्याची धूळ मुळीच येऊ देऊ नये. दुसरे, जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यास वितळजोड करू नये. त्याच्या पांढऱ्या धुराने काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. तिसरे, तांबे हा चोरीस जाणारा माल आहे. स्वस्तात मिळालेल्या पत्र्याची पावती जपून ठेवावी, आणि पावती देण्यास जो कां-कूं करील त्याच्याकडून घेऊ नये.

रंगाविषयी थोडे सांगून पुरे करतो. नवे घासलेले तांबे डाळिंबी दिसते, पण काही आठवड्यांत ते काळवंडते, पुढे तपकिरी होते, आणि हिरवी छटा येण्यास तर वर्षे लागतात. कोरड्या प्रदेशात ती कित्येकदा येतच नाही; उभ्या अंगावर, जेथे पाणी ठरत नाही, तेथे आणखी सावकाश येते. चिंच व मीठ लावून घासल्याने देव्हाऱ्यातील पंचपात्री उजळते. ट्रेलर घासीत बसणे हा संसार नव्हे. शिवाय प्रत्येक उजळणीत थोडा धातू जातोच. जुन्या पत्र्यावर जो रंग काळाने चढविला आहे तो शक्य तितका राखावा.

शेवटी एक स्वस्त परीक्षा सुचवितो. चिरंजिवांनी सांगाड्याच्या लाकडाचाच एक फूटभर तुकडा घ्यावा. त्यावर वर ॲल्युमिनियम, खाली तांबे, मध्ये रबर, आणि जे स्क्रू वापरावयाचे तेच स्क्रू, असा सांधा बांधावा. शेजारी दुसरा तुकडा आपल्या मूळ बेताप्रमाणे, तांबे वर व ॲल्युमिनियम खाली, मध्ये काहीही न घालता, ॲल्युमिनियमच्याच रिव्हेटांनी जोडावा. दोन्ही अंगणात तिरपे उभे करून रोज मिठाचे पाणी शिंपडावे. त्या देशात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तेव्हा ही परीक्षा अन्यायाची होणार नाही. दोन महिन्यांनी स्क्रू व रिव्हेट काढून पत्र्यांच्या पाठी पाहाव्या, आणि मगच ट्रेलरला पहिले भोक पाडावे.